पक्षाघातानंतर मेंदूसाठी दिलेली महागडी इंजेक्शनं खरंच उपयोगी पडतात का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६४ वर्षांचे, रक्तदाब आणि मधुमेह जुना. नऊ दिवसांपूर्वी पक्षाघात झाला, उजवा हात-पाय गेला, बोलणं बंद झालं. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता, गुठळीच होती. पण दवाखान्यात पोचेपर्यंत सात तास झाले होते, त्यामुळे गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता आलं नाही. आता घरी सोडताना सिटिकोलिन-पिरासिटॅमची एकत्र गोळी, दहा दिवस सेरेब्रोलायसिन आणि एडाराव्होनची इंजेक्शनं लिहून दिली आहेत. एका नातेवाइकाने स्टेम सेलचं सुचवलं आहे. पैसे उसने काढावे लागतील. काढावेत का?

नाही, काढू नका. यातल्या एकाही गोष्टीसाठी कर्ज करण्याइतका पुरावा आज नाही. जे पैसे हाताशी आहेत ते फिजिओथेरपिस्ट आणि स्पीच थेरपिस्टसाठी राखून ठेवा. आणि त्याच चिठ्ठीवर खाली ज्या स्वस्त गोळ्या असतील, म्हणजे ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल, ॲटोर्वास्टॅटिन, रक्तदाबाची आणि साखरेची गोळी, त्यांतली एकही एक दिवससुद्धा चुकवू नका. घरोघरी मी याच्या नेमकं उलट पाहतो. महागड्या इंजेक्शनांचा कोर्स पूर्ण होतो आणि ॲस्पिरिन महिनाभरात बंद पडते, कारण ती ‘साधी गोळी’ वाटते.

आता असं का म्हणतो ते सविस्तर सांगतो, कारण डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध घेऊ नका असं कुणी नुसतं सांगितलं तर ते पटणार नाही, आणि पटूही नये.

मेंदूची रक्तवाहिनी बंद पडली की मधला भाग काही मिनिटांत मरतो. त्याच्या भोवतीचा भाग मात्र लगेच मरत नाही. शेजारच्या वाहिन्यांतून थोडंफार रक्त मिळत राहतं. पेशी जिवंत असतात, पण काम थांबवून बसलेल्या असतात. वाचवता येतो तो हाच भाग. मोठी वाहिनी बंद असेल तर मिनिटाला साधारण १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असा हिशेब २००६ मध्ये मांडला गेला. तो सरासरीचा आहे, कुणाचा वेग जास्त, कुणाचा कमी. पण काही तासांत, फार तर एखाद्या दिवसात, या भागाचा निकाल लागतो. तुमच्या वडिलांना नऊ दिवस झाले आहेत. ‘मेंदूच्या पेशी वाचवण्यासाठी’ म्हणून आता जे काही द्याल, त्याला वाचवायला शिल्लक असं काही उरलेलं नाही. वाचल्या त्या पेशी वाचल्या आहेत. यापुढचा प्रश्न वाचलेल्या मेंदूला नवं काम शिकवण्याचा आहे, आणि तो पूर्णपणे वेगळा प्रश्न आहे.

पेशी वाचवण्याची कल्पना चुकीची नव्हती. रक्त तुटलं की पेशीतून ग्लुटामेट हे निरोप पोचवणारं रसायन बाहेर सांडतं, त्यामुळे शेजारच्या पेशीत कॅल्शियम घुसतं, मग विषारी ऑक्सिजन-कण तयार होतात, सूज येते, दाह होतो. ही साखळी प्रयोगशाळेत नीट उलगडलेली आहे. प्रत्येक कडी तोडणारं औषध शोधलं गेलं. २००६ पर्यंत अशा एक हजारावर उपचारांचे प्रयोग प्रसिद्ध झाले होते. उंदरांमध्ये त्यांतल्या कितीतरी औषधांनी कमाल केली. माणसांमध्ये जवळजवळ सगळी पडली.

काही उदाहरणं सांगण्यासारखी आहेत, कारण पक्षाघाताच्या डॉक्टरांच्या एका अख्ख्या पिढीने ती आशेने पाहिली. एनएक्सवाय-०५९ नावाचं औषध २००६ मध्ये पहिल्या मोठ्या चाचणीत उपयोगी ठरलं, आणि पुढच्याच वर्षी तीन हजारांहून जास्त रुग्णांच्या दुसऱ्या चाचणीत त्याचा काहीच परिणाम दिसला नाही. मग लोक म्हणाले, औषध उशिरा देतो म्हणून असं होतं. तेव्हा अमेरिकेत लॉस एंजेलिस परिसरात रुग्णवाहिकेतच मॅग्नेशियम सल्फेट सुरू करून पाहिलं. १,७०० रुग्ण, त्यांतल्या जवळजवळ तीन चतुर्थांश लोकांना लक्षणं सुरू झाल्यापासून तासाभराच्या आत औषध मिळालं. इतक्या लवकर औषध पोचवणं हीच केवढी मोठी कामगिरी होती. २०१५ मध्ये निकाल आला: तीन महिन्यांनी दोन्ही गटांत फरक नाही. पेशीवर ग्लुटामेट ज्यांना चिकटतं ते ग्राहक (रिसेप्टर) अडवणाऱ्या औषधांनी तर काही चाचण्यांत नुकसान होतंय की काय अशी शंका आणली, कारण तेच ग्राहक मेंदूला सावरण्यासाठी आणि शिकण्यासाठीही लागतात.

शेतकऱ्याला हे वेगळं समजावावं लागत नाही. कालव्याचं पाणी तुटलेलं असताना उभ्या पिकाला खत टाकून भागत नाही, आधी पाणी सोडावं लागतं. मेंदूच्या बाबतीत पाणी सोडणं म्हणजे वाहिनी उघडणं. अल्टेप्लेज या गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचा उपयोग १९९५ मध्ये तीन तासांपर्यंत सिद्ध झाला, २००८ मध्ये ती मुदत साडेचार तासांवर गेली. आता टेनेक्टेप्लेज आलं आहे, एकाच झटक्यात शिरेतून देता येतं, तासभर सलाइनसारखं चालवावं लागत नाही. आपल्या पुण्यातली जेनोव्हा कंपनीही ते बनवते. २०१५ मध्ये एकापाठोपाठ पाच चाचण्यांनी दाखवलं की मोठ्या वाहिनीतली गुठळी तारेने ओढून काढली तर माणूस पुन्हा स्वतःच्या पायावर उभा राहण्याची शक्यता बरीच वाढते. २०१८ च्या चाचण्यांनंतर निवडक रुग्णांमध्ये हे २४ तासांपर्यंत करता येऊ लागलं. मेंदू वाचवणारा खरा उपचार हाच आहे. सात तास झाले म्हणून इंजेक्शन मिळालं नाही, हे दुःख मी समजू शकतो, पण सात तास उलटले तरी मोठ्या वाहिनीत गुठळी आहे का हे अँजिओग्राफीत पाहायला हवं, ही माहिती अजून कितीतरी तालुक्यांत पोचलेली नाही. तुमच्या गावात पुढच्या घरासाठी ती पोचवा.

आता तुमच्या चिठ्ठीकडे येतो.

सिटिकोलिन हे पेशीच्या आवरणाला लागणारं द्रव्य आहे. लहान चाचण्यांत बरं दिसलं होतं. मग स्पेन, पोर्तुगाल आणि जर्मनीत २,२९८ रुग्णांची मोठी चाचणी झाली, पहिल्या २४ तासांत सुरुवात, रोज २,००० मिलिग्रॅम, सहा आठवडे. २०१२ मध्ये निकाल लागला: साध्या औषधहीन गोळीपेक्षा काहीही जास्त नाही. चाचणी मधेच थांबवावी लागली, कारण पुढे चालवून उत्तर बदलणार नव्हतं. तुमच्या वडिलांना मिळणारा डोस बहुधा याहून कमी असेल, आणि सुरुवात नऊ दिवसांनी. पिरासिटॅमची ९२७ रुग्णांची चाचणी १९९७ मध्येच पडली होती. दोन निष्फळ औषधं एका गोळीत घालून त्यांचा गुण वाढत नाही. या गोळीने सहसा मोठा अपाय होत नाही, झोप उडते, चिडचिड होते इतकंच. घेतली तर घेतली, नाही घेतली तर काही बिघडत नाही.

सेरेब्रोलायसिनबद्दल जरा थांबून लिहितो, कारण तुमचा सर्वांत जास्त पैसा तिथे जाणार आहे. हे डुकराच्या मेंदूतल्या प्रथिनांचं बारीक तुकडे केलेलं मिश्रण. आशियातल्या १,०७० रुग्णांच्या चाचणीत, बारा तासांच्या आत सुरू करून दहा दिवस देऊनही, मुख्य निकालात फरक आला नाही. नंतर २०८ रुग्णांच्या एका लहान चाचणीत, व्यायामासोबत २१ दिवस दिल्यावर हाताची हालचाल सुधारलेली दिसली आणि पुन्हा आशा पल्लवित झाली. पण त्याच आराखड्याच्या दुसऱ्या चाचणीत तो फरक टिकला नाही. सगळ्या चाचण्या एकत्र करून पाहणाऱ्या कॉक्रेन आढाव्याचं मत असं की मृत्यू टळण्यात उपयोग नाही, आणि गंभीर पण जीवघेणे नसलेले दुष्परिणाम थोडे वाढत असावेत. युरोपातले काही डॉक्टर आजही हे औषध मानतात, त्यांचा युक्तिवाद मी वाचला आहे. माझ्या मते ज्या घरात पैशांची अजिबात अडचण नाही तिथेही मी ते आग्रहाने सुचवणार नाही. उसनवारी करून तर मुळीच नाही.

एडाराव्होन जपानमध्ये २००१ पासून वापरात आहे, तेही पहिल्या २४ तासांत सुरू करण्यासाठी. चीनमध्ये त्यात डेक्सबोर्निऑल मिसळून १,१६५ रुग्णांवर चाचणी झाली आणि २०२१ मध्ये चांगला निकाल आला: नव्वद दिवसांनी जवळजवळ पूर्ववत झालेले ६७ टक्के, दुसऱ्या गटात ५९ टक्के. हा निकाल मी गांभीर्याने घेतो. पण नीट पाहा, तो दुसरा गट म्हणजे नुसतं एडाराव्होन घेणाऱ्यांचा. तुमच्या चिठ्ठीवर जे आहे ते त्या चाचणीतलं मागे पडलेलं औषध आहे. शिवाय तिथेही सुरुवात ४८ तासांच्या आत होती.

सोव्हाटेल्टाइड हे नाव तुम्ही विचारलं नाहीत, पण लवकरच कानावर येईल. भारतात २०२३ मध्ये त्याला मान्यता मिळाली, पहिल्या २४ तासांत सुरू करण्यासाठी. विचार नवा आहे: पेशींना मरण्यापासून अडवण्याबरोबर मेंदूतल्या दुरुस्तीला चालना द्यायची. भारतातच झालेल्या चाचणीत निकाल उत्साहवर्धक होते, मात्र रुग्ण दीडशेच्या आसपास होते. मला मनापासून वाटतं की हे औषध टिकावं. पण दीडशे रुग्णांच्या निकालावर आम्ही आधीही विश्वास ठेवला आहे आणि पुढच्या मोठ्या चाचणीत तो विरघळताना पाहिला आहे. हजार-दोन हजार रुग्णांची चाचणी होईपर्यंत माझं मत राखून ठेवतो. नऊ दिवस झालेल्या रुग्णासाठी ते तसंही नाही.

आता स्टेम सेल. याबाबत आपल्याच देशाने नीट उत्तर दिलं आहे. रुग्णाच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी काढून शिरेतून देण्याची चाचणी भारतातल्या पाच केंद्रांत १२० रुग्णांवर झाली आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. सुरक्षित होतं, उपयोग झाला नाही. चाचणीच्या बाहेर, लाखांत पैसे घेऊन कुणी हा उपचार देत असेल तर तिथे जाऊ नका. खरी चाचणी असेल तर ती रुग्णाकडून औषधाचे पैसे घेत नाही, लेखी संमतिपत्र देते आणि नैतिक समितीची मंजुरी दाखवते. हे तीन प्रश्न विचारले की बहुतेक ठिकाणी उत्तर मिळत नाही.

मग एवढं असूनही डॉक्टर ही औषधं का लिहितात? त्यांना वाईट ठरवू नका. वाचा गेलेल्या माणसाचं कुटुंब समोर बसलेलं असतं, ‘काहीतरी द्या डॉक्टर’ म्हणतं, आणि रिकाम्या हाताने पाठवणं जड जातं. औषध फारसं अपायकारक नाही, अशी समजूतही असते. तुम्ही त्यांना शांतपणे विचारा: ‘डॉक्टर, यातली कोणती औषधं दुसरा झटका टाळण्यासाठी आहेत आणि कोणती मेंदूची ताकद म्हणून आहेत? आमचं बजेट एवढं आहे, त्यात आधी काय ठेवू?’ बहुतेक डॉक्टर स्वतःच यादी लहान करून देतात. न विचारता मात्र काही बंद करू नका.

हात-पाय परत येण्यासाठी गोळी आहे का, या प्रश्नाचंही उत्तर शोधून झालं आहे. २०११ मध्ये फ्रान्सात ११८ रुग्णांना फ्लुओक्सेटिन ही नैराश्याची गोळी तीन महिने दिली आणि हालचाल जास्त सुधारली. जगभर ती लिहून दिली जाऊ लागली, मीही दिली. पुढे ब्रिटन, स्वीडन आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड-व्हिएतनाम इथे तीन चाचण्या झाल्या, मिळून जवळजवळ सहा हजार रुग्ण. २०१८ ते २०२० दरम्यान निकाल आले: परावलंबनात फरक नाही, उलट हाडं मोडण्याचं प्रमाण वाढलेलं. नैराश्य मात्र कमी झालं. म्हणून आज माझा नियम सरळ आहे. हालचालीसाठी ही गोळी नाही. पण वडील जेवायला नको म्हणत असतील, सारखे रडत असतील, व्यायामाला तोंड फिरवत असतील, तर ते नैराश्य असू शकतं, ते पक्षाघातानंतर फार आढळतं आणि त्याचा उपचार करायलाच हवा. लेव्होडोपाचंही तसंच, ब्रिटनमधल्या ५९३ रुग्णांच्या चाचणीत चालण्यात फरक पडला नाही.

याची दुसरी बाजू कुणी सांगत नाही. सावरणाऱ्या मेंदूला अडथळा आणतील अशी काही औषधं आपण सहज देतो. रात्री ओरडतात म्हणून डायझेपाम किंवा अल्प्राझोलाम, फार अस्वस्थ म्हणून हॅलोपेरिडॉल, फिट कधीच आली नसताना ‘येऊ नये म्हणून’ फेनिटोइन. प्राण्यांमधले प्रयोग आणि रुग्णांच्या जुन्या नोंदी याच दिशेने बोट दाखवतात, आणि दिवसभर गुंगीत असलेला माणूस व्यायाम करू शकत नाही हे तर समोर दिसतं. चिठ्ठीवर झोपेची गोळी असेल तर ती किती दिवस, हे विचारून घ्या. अस्वस्थतेमागे लघवी तुंबणं, बद्धकोष्ठ, खांद्याची कळ किंवा ताप आहे का, ते आधी पाहा. बोलता न येणारा माणूस या तक्रारी ओरडूनच सांगतो.

मेंदू जपणारी जी साधी काळजी आहे, तिचा पुरावा या सगळ्या इंजेक्शनांपेक्षा भक्कम आहे. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या १९ पक्षाघात विभागांत परिचारिकांना तीन गोष्टी शिस्तीने करायला शिकवल्या: पहिले तीन दिवस ताप मोजणं आणि लगेच उतरवणं, रक्तातली साखर सांभाळणं, आणि गिळता येतं का हे तपासल्याशिवाय तोंडाने काही न देणं. नवं औषध एकही नाही. नव्वद दिवसांनी मृत्यू किंवा परावलंबन ५८ टक्क्यांवरून ४२ टक्के. मेंदू वाचवणाऱ्या कोणत्याही औषधाने असा फरक दाखवलेला नाही. २०११ चा हा निकाल प्रत्येक वॉर्डच्या भिंतीवर लावावा असा आहे.

घरी याचा अर्थ असा: वडिलांना आडवं असताना भरवू नका. सरळ बसवा, हनुवटी थोडी खाली, लहान घास. पाण्याने ठसका लागत असेल, आवाज घोगरा-ओलसर होत असेल, तर पातळ पदार्थ थांबवा आणि स्पीच थेरपिस्टला दाखवा. नाकातली नळी काढायची घाई करू नका. ताप आला तर छाती किंवा लघवीचा संसर्ग समजून त्याच दिवशी डॉक्टरांकडे.

आणि व्यायाम. पहिले तीन महिने सोन्याचे असतात, त्यानंतरही सुधारणा थांबत नाही, फक्त मंदावते. मेंदू तेच शिकतो जे वारंवार करतो. फिजिओथेरपिस्ट हात वर-खाली करून गेला, वडील निजून राहिले, हा व्यायाम नव्हे. वडिलांनी स्वतः प्रयत्न करायला हवा: पेला धरणं, शर्टाची गुंडी लावणं, खुर्चीतून उठणं, पुन्हा बसणं, पुन्हा उठणं. दिवसातून अनेकदा, थोडं थोडं. अमेरिकेत झटक्यानंतर तीन ते नऊ महिने झालेल्या लोकांचा चांगला हात हातमोज्यात बांधून ठेवला आणि दुबळ्या हाताकडून दोन आठवडे रोज अनेक तास काम करून घेतलं, तर तो हात सुधारला आणि सुधारणा टिकली. त्यासाठी बोटांत थोडी तरी हालचाल परत आलेली असावी लागते. सुरुवातीलाच सगळा जोर लावू नये, हेही खरं. पहिल्या २४ तासांत फार उठवाबसव केलेल्यांचं पुढे काहीसं वाईट झालं, असं २०१५ च्या मोठ्या चाचणीत दिसलं. तुम्ही ती वेळ ओलांडली आहे, आता मोकळेपणी सुरू करा.

घरच्यांनी स्वतःच्या बळावर थेरपिस्टची जागा घ्यावी का? भारतातल्या १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर हे पाहिलं गेलं. नातेवाइकांना शिकवून घरी व्यायाम करून घेतला, पण २०१७ च्या निकालात जास्तीचा फायदा दिसला नाही. म्हणून म्हणतो, थेरपिस्टवर खर्च करा. रोज परवडत नसेल तर आठवड्यातून दोनदा बोलवा, बाकी दिवस त्याने दाखवलेलं करून घ्या. त्याला सांगा की मालिश नको, काम शिकवा. आणि घरातल्या सगळ्यांना एक गोष्ट बजावा: उजव्या दंडाला किंवा काखेला धरून उठवायचं नाही. सैल पडलेला खांदा त्याने निखळतो आणि नंतरची कळ महिनोन्‌महिने व्यायाम करू देत नाही. पुढे हात आखडायला लागला तर बोट्युलिनमची इंजेक्शनं खरोखर उपयोगी पडतात. त्या वेळी खर्च करण्यात अर्थ आहे.

बोलण्यासाठी: त्यांच्याशी मोठ्याने ओरडून बोलू नका, ऐकू त्यांना येतं. छोटं वाक्य, एका वेळी एक प्रश्न, उत्तरासाठी थांबा. शब्द सापडत नसताना रोजची आरती किंवा एक ते दहा आकडे मात्र ओघाने येतात, असं पुष्कळदा होतं. ते येत असेल तर रोज सोबत म्हणा. तिथूनच थेरपिस्ट पुढचे शब्द बांधत नेतो.

राहिला तो दुसरा झटका. हृदयाचे ठोके अनियमित आहेत का यासाठी ईसीजी झाला असेल, एक-दोन दिवस ठोक्यांची सलग नोंद करणाऱ्या होल्टर तपासणीचंही विचारा, कारण ते निघालं तर ॲस्पिरिनऐवजी रक्त पातळ करणारं वेगळं औषध लागतं. रक्तदाब घरच्या मशीनवर रोज एकाच वेळी मोजून वहीत लिहा, १३०/८० च्या खाली आणायचा आहे, पण डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू. तंबाखू असेल तर आजपासून बंद. आणि पुन्हा कधी तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोबडी वळली, तर पहाटेचे तीन असले तरी १०८ ला फोन करा, शेवटचे ठीक कधी दिसले होते ती वेळ कागदावर लिहा आणि जिथे सीटी स्कॅन आणि गुठळीचं इंजेक्शन दोन्ही आहे अशाच रुग्णालयात न्या. ते रुग्णालय कोणतं, किती किलोमीटरवर, रात्री सुरू असतं का, हे या आठवड्यातच फोन करून ठरवून ठेवा.